अंटार्क्टिकात निमोण्याची वेळ

आमच्या निमोणे गावात रमजानात संध्याकाळची मगरिबची अजान झाली तरी बाबुलाल तांबोळी खजूर तोंडात घालत नाहीत. आतून नूरबी "सोडा" म्हणाल्या, की मगच रोजा सोडतात. मी त्यांचा शेजारी आणि जात्याच खोचक. बायकोला विचारल्याशिवाय खजूरही खात नाही म्हणून मी त्यांना पुष्कळ चिडवलंय. ते नुसते हसतात आणि त्यांची नजर कुठंतरी लांब जाते.

कुठं जाते ते मला ठाऊक आहे. बाबुलाल डिझेल इंजिनाचे मेकॅनिक. काही वर्षांपूर्वी अंटार्क्टिकातल्या आपल्या तळावर जनरेटर सांभाळायला ते वर्षभर राहिले होते.

"झाड न्हाई, गवत न्हाई," ते सांगतात. "दगडाच्या आडोशाला बोटभर शेवाळ, ते बी उन्हाळ्यात हिरवं. स्कुआ नावाचे तपकिरी पक्षी यायचे. एखादा पेंग्विन वाट चुकून. थंडी वाढली तसे समदे समुद्राकडं गेले. आमीच ऱ्हायलो."

मग सूर्यही गेला. जूनमध्ये तिथं तो उगवतच नाही. दुपारी कडेला जरा तांबडं फुटतं आणि विझतं. कधी आभाळात हिरवा उजेड वाळत घातलेल्या साडीसारखा हलायचा. त्या अंधारातच रमजान आला. दिवसच नाही तर रोजा कुठून कुठवर धरायचा? शिरूरचे मौलाना फोनवर म्हणाले, आपल्या गावची वेळ धरा. मग इथं अजान झाली की नूरबी मेसेज करायच्या, 'सोडा'. हे लिहायचे, 'सोडला'. ते वाचून त्या खजूर घ्यायच्या.

एकदा हिमवादळात संपर्कच तुटला. घड्याळ होतं भिंतीवर.

"पर येळ कळणं येगळं आन् कुणी हाक मारणं येगळं," बाबुलाल म्हणतात. दोन तास खजूर हातात धरून बसले, मग सोडला. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी तीन 'सोडा' एकदम आले. त्यांनीही तीनदा उत्तर लिहिलं.

परवा इफ्तारीला बसलो असताना मी सहज नूरबींना विचारलं, त्या तीन दिवसांत तुम्ही काय केलंत?

"मी नुसतं पाणी पिऊन रोजा सोडायचे," भजी वाढता वाढता त्या म्हणाल्या. "घास उतरत नव्हता. यांचा निरोप आला तवा भाकरी खाल्ली."

बाबुलालांना हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. मला माझ्या चिडवण्याची लाज वाटली. तेवढ्यात अजान झाली. बाबुलालांनी हातातला खजूर नूरबींपुढं धरला.

"आज आधी तू सोड," ते म्हणाले.