सदाफुली आणि डिलीटचं बटण

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपची ॲडमिन व्हायला कुणीच तयार नव्हतं. मीटिंगला उशिरा पोचले म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. पण महिन्याभरात मला ते आवडायलाही लागलं. डिलीट दाबलं की माणूस गप्प होतो, हे सुख घरात कुठे मिळतं?

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका रोज सकाळी ग्रुपवर आरोग्याविषयी लिहायचे. एकदा त्यांनी लिहिलं, उपाशीपोटी सदाफुलीची फुलं चावून खा आणि शुगरच्या गोळ्या बंद करा. मी दोन ओळी वाचल्या आणि मेसेज उडवला. लोकांच्या जिवाशी खेळ नको, असं माझं मत होतं, आणि ते अजूनही आहे.

गंमत अशी, की काका रोज लिहायचे तेव्हा कुणी ढुंकून बघत नसे. ‘ॲडमिनने डिलीट केलं’ असं दिसल्यावर मात्र अख्ख्या बी विंगला ते वाचायचं होतं. लिफ्टमध्ये बायका एकमेकींना विचारत होत्या, “काय होतं गं त्यात?” काकांनी दुसरा ग्रुप काढला. मला त्यात घेतलं नाही. मी म्हटलं, ब्याद गेली.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या बागेतली सदाफुली बोडकी झाली. पूजेला फुलं तोडतोस म्हणून मी वॉचमनला झापलं. तो म्हणाला, “मॅडम, मैं तो गेंदा चढाता हूँ.” मग मी ग्रुपवर ‘फुले तोडू नयेत’ अशी सूचना टाकली. अठरा जणांनी अंगठे दिले. त्यातला एक माझ्या सासूबाईंचा होता.

सासूबाई मालवणकडच्या आणि शुगरच्या जुन्या पेशंट. एका दुपारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच सासूबाईंना रोज जिलब्या भरवत होते. गोळ्या बंद करून तीन आठवडे झाले होते. घरात कुणाला पत्ता नव्हता. पुढचे दोन दिवस आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. मी इतकी घाबरले होते, की आधी रागावलेच. “एका घरात राहतो आपण, आई! मला एका शब्दाने विचारलं असतं तर?”

भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, “तुका सांगान काय उपयोग? तू पुसून टाकतलंस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा मोबाइल मागितला. त्यांनी तो दिला. दुसऱ्या ग्रुपवर काकांचा तोच मेसेज होता. तो मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. खाली लिहिलं होतं, ‘कुणाला शंका असल्यास जरूर विचारा.’

त्याखाली सासूबाईंनी विचारलं होतं, ‘गोळ्या एकदम सोडल्या तर चालेल का? घरात विचारायची सोय नाही.’

काकांनी लगेच उत्तर दिलं होतं, ‘चालेल.’