दमवून सांगायची बातमी

अशरफ होडेकर हा वेसवीचा. बाणकोटच्या खाडीकाठी जन्मला, विशी उलटायच्या आत आगबोटीत बसून कुवेतला आला आणि बंदराजवळच्या बाजारात एका अरब व्यापाऱ्याच्या दुकानात चिकटला. दुकान गलबतांच्या सामानाचं. काथ्याचे दोर, खिळे, शिडाचं कापड. गडी बोलायला कमी, कामाला बरा आणि चेहऱ्यानं असा, की तोंडावरची माशी हलायची नाही. या चेहऱ्यापायी त्याच्या गळ्यात एक काम पडलं होतं, जे शहाणा माणूस कधी मागून घेणार नाही.

त्याचं असं झालं. मिर्गाब मोहल्ल्यातल्या त्याच्या खोलीत रत्नागिरी-कुलाब्याकडचे दहा-बारा मुसलमान गडी राहायचे. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गाद्यांवर आडवे. खोलीचा कारभार दाभोळच्या उस्मानमामूंकडं. वयानं सगळ्यांत मोठे, शब्दाला वजन. एकदा रियाज नावाच्या पोराचा बाप गावी वारला. रियाज एका ठेकेदाराची पिकअप गाडी चालवायचा. बातमी त्याला खोलीतच सांगितली. शेजारी माणसं झोपलेली, म्हणून बिचारा उशी तोंडात धरून रडला, आणि तरी कोपऱ्यातून कुणीतरी ‘हळू रे’ म्हणालंच. उस्मानमामूंना त्या ‘हळू रे’ची इतकी लाज वाटली की त्यांनी नियमच घालून दिला. यापुढं वाईट बातमी खोलीत सांगायची नाही. माणसाला बाहेर न्यायचं, चालवून दमवायचं, पोटभर जेवू घालायचं आणि मग उघड्यावर, उजेडात सांगायचं. तिथं त्यानं हवं तेवढं रडावं. दमलेला माणूस रडून रडून झोपी तरी जातो. आणि घाई तरी कसली? बातमी पोचेपर्यंत मयत केव्हाच दफन झालेली असायची.

सांगायचं कुणी? अशरफनं. कारण शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या तोंडावरून काही कळायचं नाही.

नियम दयाळूपणाचा होता, यात वाद नाही. पण दयाळू माणसांना एक गोष्ट सुचत नाही. खोलीतल्या प्रत्येकाला हा नियम माहीत होता. त्यामुळं उस्मानमामूंनी कुणाला ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हटलं, की तो माणूस तिथंच घरची माणसं मोजायला लागायचा. मामूंना हे कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार?

एकोणीसशे पंचावन्नच्या ऑक्टोबरात ऊन जरा उतरलं होतं. ईदे मिलाद शनिवारी आली, म्हणजे जुम्मा धरून दोन दिवस सुट्टी. गुरुवारी उस्मानमामू दुकानाच्या दारात येऊन म्हणाले, “अशरफ, जुम्याला झोरला जाऊया. तू, मी, अकबर आन् रियाज. रियाज गाडी मागून घेतोय. रातची वस्ती करू. बाकीचा तिथं बोलू.”

झोर म्हणजे कुवेतच्या आखातापलीकडचा लांबलचक कडा. जहरा गावावरून पुढं जायचं, मग वाळूतल्या गाडीवाटेनं. अशरफ ‘बरं’ म्हणाला आणि हातातला दोर गुंडाळत राहिला. किती गुंडाळला, कुणास ठाऊक. आदल्याच संध्याकाळी त्यानं पाहिलं होतं, मुंबईहून आलेल्या आगबोटीवरचा बाणकोटचा खलाशी कोपऱ्यावर मामूंशी बोलत होता. अशरफ बाहेर आला तसे दोघं गप्प झाले. ‘बरा हायस ना?’ एवढं त्या खलाशानं विचारलं, तेही अशरफच्या पायांकडं बघून.

आता हिशोब सरळ होता. या आधी कुणाचा म्हातारा चुलता गेला, तर सालमियाच्या किनाऱ्यावरची एक दुपार पुरली होती. इथं दोन दिवस लागणार होते. म्हणजे माणूस जवळचं. अशरफची जवळची माणसं तीन. आई खैरुन्निसा, बायको रुकय्या आणि पाच वर्षांची जमिला. तिघीही खाडीकाठच्या त्या एका घरात.

त्यानं विचारलं नाही. विचारून टाकलं असतं तर दोघी जगल्या असत्या आणि एक मेली असती. न विचारता तिघी जिवंत होत्या. हे शहाणपण म्हणा किंवा भित्रेपणा म्हणा, पण त्याच्या अंगातली सगळी हालचाल या एका विचारापाशी येऊन थांबली. भूक गेली. भीतीही फारशी वाटेना. दुकानात कुणी खिळे मागितले की तो खिळे द्यायचा.

जुम्याची नमाज झाल्यावर चौघं निघाले. शहराच्या तटाचा जहरा दरवाजा मागं पडला, आणि अकबरनं अशरफच्या मांडीवरचं बोचकं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. हा अकबर खोलीतलाच, वेसवीच्या समोरच्या बागमांडल्याचा. मधे फक्त बाणकोटची खाडी. सालमियाला एका व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकी होता आणि बोलायला लागला की भांड्याला भांडं आपटावं तसा आवाज करायचा. पण आज तो जपून बोलत होता. “दे ता इकडं,” म्हणाला, “तू नुसता बस.”

अशरफला वाटलं, यालाही माहीत आहे.

खरं म्हणजे अकबरला काहीच माहीत नव्हतं. त्यानं अशरफचा गुरुवारपासूनचा चेहरा पाहिला होता, नियम त्याला ठाऊक होता, आणि दोन अधिक दोन त्यानंही केले होते. बातमी अशरफची आहे, असं तो धरून चालला होता.

कड्याच्या पायथ्याला एका घळीच्या तोंडाशी गाडी लावली. अशरफच्या दुकानातलं शिडाचं जुनं कापड गाडीच्या कडेला बांधून आडोसा केला. अकबरनं पापलेटं आणली होती, ती पहिल्या दिवशीच खाऊन टाकायची होती. मामू आणि रियाज अरफजच्या वाळक्या झुडपांचं सरपण तोडत होते. त्यांची कुजबुज चाललेली, मधूनच अशरफकडं बघणं. मामू उठून त्याच्याकडं यायला लागले तसा अशरफ उठला आणि ‘आणखी काटक्या आणतो’ म्हणून घळीत चालता झाला. जेवताना त्यानं माशाचा तुकडा मोडला, भातात कालवला आणि ताटलीत इकडून तिकडं फिरवत बसला. अकबरनं ते पाहिलं. झोपताना त्यानं स्वतःचं कांबळं अशरफच्या अंगावर टाकलं.

सकाळी चढायला निघाले. रियाज कड्याकडं बघून हसला. “ह्याला डोंगर बोलतात? आमच्या बाणकोटच्या किल्ल्याची पायरी हाय ही.” पण पायरी दमवणारी निघाली. पायाखालची माती भुसभुशीत, दोन पावलं वर तर एक खाली. वर पोचल्यावर कड्याच्या धारेनं चालत राहिले. एका हाताला सपाट वाळवंट, दुसऱ्या हाताला खाली आखाताचं पाणी, त्याच्या कडेला करडा चिखल. पाणी पाहून अशरफला घर आठवायला हवं होतं. आठवलं नाही. पाणी पाण्याच्या जागी होतं, तो त्याच्या जागी होता.

“अशरफ, जरा मागं थांब,” रियाज हळूच म्हणाला. “तुज्याशी बोलायचा हाय.”

“पुढं जाऊन बोलू,” असं म्हणून अशरफनं पाय उचलला. पुढं मामू होते, म्हणून त्यांनाही मागं टाकलं. दमवायला आणलेला माणूस सगळ्यांच्या पुढं, आणि दमवणारे मागं धापा टाकत. अकबर तेवढा त्याच्या बरोबरीनं चालत राहिला, पाण्याची कातडी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

त्या धारेवर चालताना अशरफनं ती गोष्ट केली. कुणाला ऐकू गेली नाही, कारण त्यानं ती मनात केली. तो अल्लाशी बोलला. म्हणाला, ‘या अल्ला, कुणीतरी जायचंच असेल तर आई असू दे. म्हातारी आहे, तिचं सगळं बघून झालंय. रुकय्या राहू दे, पोर राहू दे. आईला घे.’ म्हणून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, हे त्याहून वाईट. मग चालता चालता त्यानं आईचं सगळं उरकून टाकलं. तिची शेवटची आंघोळ, ते गुस्ल, तिचं कफन, वेसवीच्या कबरस्तानात तिला खाली उतरवणं. डोळ्यांतून पाणी आलं तेही पुसलं. वाऱ्यानं आलं असावं, असं अकबरला वाटू दिलं.

दुपारी खाली उतरले. अकबरनं चूल पेटवून सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा, भात टाकला. अशरफला सोडे आवडतात म्हणून गावाहून आलेली पुडी त्यानं मुद्दाम आणली होती. सगळे जेवले. अशरफनं ताटली बाजूला सारली. “ऱ्हाऊ दे,” अकबर म्हणाला, “मी झाकून ठेवतंय. मागनं खा.” आणि त्याला चिकटून बसला. उस्मानमामूंनी घसा साफ केला, तेव्हा अकबरनं अशरफच्या पाठीवर हात ठेवला, माणूस कोसळलाच तर सावरायला.

मामू बराच वेळ त्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, “अशरफ, दोन दीस तुना बाजूला घ्यायला बगतोय आमी, आन् तू पलतोस. हे सांगायचा काम तुजा होता. आता मनाच करू दे.” आणि नजर वळवून म्हणाले, “अकबर, बाबा. सफिया गेली. तापानं गेली. बाणकोटच्या माणसानं निरोप आणलान.”

सफिया म्हणजे अकबरची बायको.

“अल्हम्दुलिल्लाह,” अशरफ म्हणाला.

तो म्हणाला असं म्हणणंही बरोबर नाही. दोन दिवस छातीत कोंडून धरलेला श्वास बाहेर पडला आणि त्याला अल्लाचे आभार मानणारा तेवढा एक शब्द सापडला. पण तो मोठ्यानं पडला. रियाजनं मान खाली घातली. अकबरचा हात अजून अशरफच्या पाठीवरच होता. तो लगेच निघाला नाही. जरा वेळानं, फोडणीतून पळी काढावी तसा अकबरनं तो सावकाश उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

अकबर रडला नाही. ज्यासाठी एवढं लांब यायचं, तेच झालं नाही. तो उठून पाण्याच्या दिशेनं चालत गेला. मामू आणि रियाज अंतर राखून त्याच्या मागं गेले. अशरफनंही जायला हवं होतं. पण त्याला भूक लागली. गुरुवारपासूनची भूक, एकदम. झाकलेली ताटली त्यानं पुढं ओढली. भात गार झाला होता. त्यानं तो सगळा खाल्ला, पातेल्यात चिकटलेलाही खरवडून खाल्ला, आणि त्याला तो फार चांगला लागला. ते तिघं परत आले तेव्हा तो बोटं चाटत होता. अकबरनं रिकाम्या पातेल्याकडं पाहिलं, ते उचललं आणि वाळूनं घासायला बसला.

त्यानंतर ते दोघं त्याच खोलीत वर्षानुवर्षं राहिले. भांडण नाही, अबोला नाही. अकबर पूर्वीसारखा बडबडेना एवढंच. त्या एका शब्दाबद्दल ना यानं माफी मागितली, ना त्यानं विषय काढला. अशरफ सुट्टीवर गावी जायचा, आई त्याच्या ताटात वाढायची, आणि तो ताटाकडंच बघून जेवायचा. परदेशात राहून पोरगा लाजरा झाला, असं म्हातारी शेजारणींना सांगायची. ज्या बाईला आपण स्वतःच देऊन बसलो, तिच्या डोळ्यांत बघायचं कसं, हे अशरफ कुणाला सांगणार होता?

चौसष्ट साल उजाडेपर्यंत उस्मानमामू कायमचे दाभोळला परतले होते. गलबतं कमी झाली होती, दुकानात आता दोरांच्या जागी लोखंडी नळ आणि तोट्या होत्या, कारण सालमियापर्यंत घरंच घरं उठत होती. एका सकाळी अशरफ गिऱ्हाइकाला नळ कापून देत होता. अकबर आत आला. चल फिरून येऊ म्हणाला नाही, बाजूला घेतलं नाही, चहासुद्धा मागवला नाही. गल्ल्यासमोर उभा राहून म्हणाला, “अशरफ, तुजी आय गेली. आताच तार आली खोलीवर.”

अशरफ म्हणाला, “बरा केलास सांगितलास ता.” आणि तो रडू यायची वाट बघत थांबला. काहीच आलं नाही. जे यायचं होतं ते झोरच्या धारेवर येऊन गेलं होतं. अल्लानं तेव्हा घेतली नव्हती, पण यानं देऊन टाकली होती. त्यानं करवत पुन्हा नळावर धरली.

अकबर सिमेंटच्या गोणीवर बसला आणि रडायला लागला. हळू नाही, मोठ्यानं, खांदे हलवून, रस्त्यावरची माणसं थांबतील असा. खैरुन्निसाला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. सफियासाठीही झोरला तो असा रडला नव्हता. गिऱ्हाईक अरब होता, म्हातारा. त्याला वाटलं, मयत याच्याच घरात झाली. तो अकबरजवळ खाली बसला, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि अल्ला तुला सबूर देवो, असं त्याच्या भाषेत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. अशरफला सगळं समजत होतं. मयत माझ्या घरची आहे, हे सांगायला तो तोंड उघडणार होता. पण तो नळ कापत राहिला.