बादलीच्या शेगडीचं असाइनमेंट

ती शेगडी मी बनवली नव्हती. तिच्यावरचं असाइनमेंटही माझं नव्हतं. मार्क मात्र मला मिळाले आणि शिक्षा त्याला झाली ज्यानं ती बनवली होती. हे आधीच लिहून टाकतो. पुढं लिहिताना मी पळवाटा शोधेन, हे मला स्वतःबद्दल ठाऊक आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होतो. घर सक्करदऱ्याला, वडील कचेरीत कारकून. ते रोज संध्याकाळी इंग्रजी पेपर मला मोठ्यानं वाचायला लावत, म्हणून वर्गात माझं इंग्रजी बरं समजलं जाई. बाकीची बहुतेक मुलं कामठी, कन्हान, काटोलकडची, मराठी शाळांतून आलेली. यंत्रांचं इंग्रजी हा विषय त्यांना लेथपेक्षा अवघड वाटे.

आमच्या वर्गात एक रिवाज होता. ज्याला जे येतं, ते त्यानं सगळ्यांचं करायचं. एकाचा हात ड्रॉइंगमध्ये साफ होता, तो चार जणांच्या शीट काढून देई. कन्हानचा माझा मित्र फिटिंग शॉपमध्ये कानस अशी चालवायचा की त्यानं घासलेले दोन तुकडे एकमेकांत बसवले तर मधून उजेड दिसत नसे. माझा जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये करून द्यायचा लोखंडी तुकडा, त्यानंच घासून दिला होता. आणि मी सगळ्यांची इंग्रजीची असाइनमेंटं लिहायचो. यात कोणालाच पाप वाटत नव्हतं.

फक्त तो कन्हानचा मित्र माझ्याकडून लिहून घेत नसे.

"तुह्या हातचं काहून लिहू गा?" तो म्हणायचा. "नोकरीवर तू येशील का माह्यासंगं?"

"मग माझा जॉब तू काहून घासतोस?"

"तुह्या हाताले कानस दिली तर बोट कापशील, म्हणून."

तो लिहायचा आणि मग कागद माझ्यापुढं सरकवायचा. "चुका काढून दे. वाक्य बदलवू नको, फक्त चुका." त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. छप्पन्न साली त्याच्या आजोबांनी सगळ्या घरासकट दीक्षा घेतलेली. घरातला मॅट्रिकच्या पुढं आलेला तो पहिलाच. डिप्लोमा हा त्याच्या एकट्याचा नव्हता, सगळ्या घराचा होता, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

आम्हाला इंग्रजी शिकवायला नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. एखाद्या यंत्राचं वर्णन लिहायला सांगायचं, ते वर्गात वाचायचं आणि दुसऱ्या मुलाला फळ्याशी उभं करून नुसतं ऐकून चित्र काढायला लावायचं. चित्र चुकलं तर चूक लिहिणाऱ्याची. बेंच व्हाइसच्या वर्णनावरून एकदा फळ्यावर चक्क बकरीसारखं काहीतरी उभं राहिलं, तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या होत्या.

हिवाळ्यात त्यांनी टर्मचं मोठं असाइनमेंट दिलं. स्वतःच्या हातानं बनवलेली एक वस्तू घ्या आणि ती कशी बनवायची ते असं लिहा, की वाचणाऱ्यानं तुम्हाला न विचारता ती बनवावी.

त्या आठवड्यात मी सहा जणांची असाइनमेंटं लिहिली. एकाला पतंग दिला, एकाला मांजा, एकाला बाजेचं विणकाम, एकाला कबुतरांचं खुराडं. सगळी मुलांना विचारून, त्यांच्या सांगण्यावरून. स्वतःचं लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी माझ्या हातानं आयुष्यात काहीच बनवलेलं नाही.

त्याच दिवशी कन्हानच्या मित्रानं आपला कागद चुका काढायला दिला. जुन्या लोखंडी बादलीची शेगडी. खाली राखेसाठी खिडकी कशी कापायची, मधोमध सळया कशा बसवायच्या, मातीत कुटार, म्हणजे भुसा, किती मिसळायचं. लिंपलेली माती उन्हात वाळवायची नाही, सावलीतच वाळवायची, नाहीतर पहिल्याच आगीला तडकते. इंग्रजी मोडकं होतं, पण वाचताना बादली डोळ्यांपुढं भरत जात होती. मला त्याचा हेवा वाटला. वेळ नव्हता, थकलो होतो, हे सगळं खरं आहे. पण त्यापेक्षा खरं हे, की ते माझं असायला हवं होतं असं मला वाटलं.

मी त्याच्या चुका काढून कागद परत दिला. मग घरी जाऊन तीच शेगडी माझ्या इंग्रजीत लिहिली. शब्द बदलले, क्रम थोडा बदलला. इतक्या कागदांत दोन शेगड्या कोण ताडून बघणार, असं वाटलं.

मॅडमनी ताडल्या. पुढच्या तासाला त्यांनी आम्हा दोघांना पुढं बोलावलं.

"दोन बादल्या, दोन शेगड्या, आणि दोन्हींमध्ये माती सावलीतच वाळते," त्या म्हणाल्या. "यातली खरी कोणाची?"

वर्ग खुसखुसला. मित्रानं माझ्याकडं पाहिलं. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. मी काहीतरी बोलेन याची तो वाट बघत होता.

मी फळ्याकडं पाहिलं. मग मॅडमनी तोंडी विचारायचं ठरवलं. इंग्रजीचा वर्ग, म्हणून इंग्रजीतच. माती सावलीत का वाळवायची?

त्याला आधी विचारलं. त्यानं "मॅडम, क्ले..." एवढं म्हटलं आणि अडकला. मग दोन्ही हातांनी हवेत बादली धरून आतून माती लिंपून दाखवू लागला. अंगठ्यानं कड दाबून दाखवली. त्याचे हात सगळं बरोबर सांगत होते.

"अबे, हा तर गुपचूपवाला झाला!" मागून कोणीतरी ओरडलं. गुपचूप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, अंगठ्यानं फोडून देतात ती. वर्ग हसला. त्यानं हात खाली घेतले.

मग मला विचारलं आणि मी अस्खलित उत्तर दिलं. उन्हानं वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, म्हणून भेग पडते. वाक्य पुरं होईपर्यंत मला स्वतःलाही वाटलं की ती शेगडी मीच बनवली.

"तुम्हाला इंग्रजी येत नाही हा गुन्हा नाही," मॅडम त्याला म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. "पण दुसऱ्याचं उचलणं हा आहे. सगळी असाइनमेंटं पुन्हा लिहून आणा, नाहीतर मी टर्म देणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही."

तास संपल्यावर तो मला व्हरांड्यात भेटला.

"तू बोलला काहून नाही गा?"

"सांगतो मी मॅडमना. एकटं गाठून सांगतो."

"आज सांगशील?"

"सांगतो म्हटलं ना."

त्या दिवशी मॅडम लवकर गेल्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये प्राचार्य बसले होते. तिसऱ्या दिवशी मी दारापर्यंत गेलो, तर मॅडमच बाहेर आल्या आणि माझं असाइनमेंट दुसऱ्या वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवल्याचं सांगून त्यांनी माझी पाठ थोपटली. मी "थँक्यू मॅडम" म्हणालो. त्यानंतर सांगायचं म्हणजे नुसती चोरी नाही, ते थँक्यूही कबूल करावं लागणार होतं. दिवसागणिक दार थोडं अधिक बंद होत गेलं, आणि कडी मीच घालत होतो.

मुलांना खरं कळलंच होतं. फिटिंग शॉपमध्ये ज्यानं मित्राचा हात पाहिला होता, त्याला शेगडी कोणाची हे विचारावं लागत नव्हतं. पण माझ्याकडून लिहून घेणारे सहा जण मॅडमकडं कसे जाणार? उलट त्यांतला एक मला दर आठवड्याला हसत म्हणायचा, "लिहून दे ना बे, शेगडीवाल्या! का मॅडमले सांगू?" मी लिहून देत राहिलो. माझंही चांगलं लिहावं लागे, कारण मॅडम आता माझ्याकडून चांगल्याचीच अपेक्षा करत.

मित्रानं असाइनमेंटं पुन्हा लिहिली नाहीत. "जे माह्यंच हाय, ते पुन्हा काहून लिहू?" एवढंच तो म्हणाला. टर्म गेली, परीक्षा गेली. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. कन्हानला एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसायला लागल्याचं कळलं. मॅडमची बदली झाली, कुठं ते मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

मॅडमनी जाताना माझ्यासाठी शिफारस केली होती, आणि त्या शिफारशीवर मला कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. काम काय, तर मशिनी कशा चालवायच्या याच्या इंग्रजी सूचना लिहायच्या. साहेब म्हणत, तुमचं वाचून कोणीही मशीन चालवील. लग्न झालं, मुलगा झाला, बढती झाली. मी बाहेरून सुखी होतो. पण कोणी माझ्या लिहिण्याची तारीफ केली की मी विषय बदलायचो, आणि बायकोला ते नम्रपण वाटायचं.

स्कूटर घेतल्यावर मी कन्हानकडं निघायला लागलो. पुलापर्यंत जायचो, कठड्याशी थांबून नदी बघायचो आणि परत फिरायचो. घरी सांगायचो, कामठीत काम होतं. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी एका रविवारी पूल ओलांडला.

त्याचं स्वतःचं दुकान झालं होतं. पुढं तांब्याच्या तारेची रिळं, मागं घर. त्यानं मला लगेच ओळखलं.

"साहेब झाला गा तू तर! पोट पाह्य तुहं!" म्हणत त्यानं स्टूल पुसून दिलं. आतून त्याची मुलगी चहा घेऊन आली. ती अकरावीत होती, सायन्सला.

"काका इंग्रजीत लय हुशार होते," त्यानं तिला सांगितलं.

"मग बाबाले काहून नाही शिकवलं गा काका?" ती हसत म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, काहून नाही शिकवलं जी? बाबा इंग्रजीतच तं अडकले. आजीबी सांगते, इंग्रजीनं घात केला म्हणून."

ती आत गेली. मी चहा खाली ठेवला आणि पाठ करून आणलेलं सुरू केलं. मी तेव्हा लहान होतो, घाबरलो होतो, परिस्थिती अशी होती...

त्यानं हात वर केला.

"मले नको सांगू गा. मले ठाऊकच हाय. मी घरी सांगून पाहिलं होतं, पण टर्म गेलेला माणूस असंच सांगते म्हणतात लोक. माह्या बापानंबी विश्वास नाही ठेवला. गेला बिचारा तसाच." मग आत पाहून हाक मारली, "ये वं इकडं. काकाले काही सांगायचं हाय."

ती ओढणीला हात पुसत दारात उभी राहिली. पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

मी म्हणालो, "पोरी, तुझे बाबा इंग्रजीत नापास झाले नव्हते. मी त्यांचं लिहिलेलं चोरलं, आणि मॅडमनी विचारलं तेव्हा माझं म्हणून सांगितलं. तुझे बाबा खरं बोलत होते. त्यांचा डिप्लोमा माझ्यामुळं गेला. मला माफ करा, तुम्ही दोघंही."