सोयराक्कांचं न थांबलेलं पेन

राजाजीनगरच्या त्या आठ बिऱ्हाडांच्या वठारात कुणाची सून माहेरी गेली, ती कितव्या दिवशी परतणार आणि कुणाच्या सांबारात मीठ पडायचं राहिलं, हे सोयराक्कांना त्या त्या घरातल्यांच्या आधी कळत असे. घराणं जुनं, कधीकाळी मराठी फौजेबरोबर दक्षिणेत आलेलं आणि इथंच मुरलेलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही. यजमान रघुजी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करायचे. "आमचं मशीन निदान जेवणाच्या सुट्टीत बंद असतं," एवढंच ते म्हणत, तेही चपला सरकवता सरकवता.

अशा बाईला तीन तास तोंड मिटून बसवायचं ठरलं, ते पंच्याण्णव साली.

वरच्या मजल्यावरची हर्षिता जन्मापासून आंधळी. अंध मुलांच्या शाळेत दहावीला होती. अभ्यास ती ठिपक्यांच्या पुस्तकांवर बोटं फिरवून करायची, पण बोर्डाचा पेपर शाईनंच लिहायचा. म्हणून लेखनिक लागायचा: ती सांगणार, तो लिहिणार. लेखनिक दहावी झालेला चालत नसे. नववीच्या मुलींच्या स्वतःच्याच परीक्षा तोंडावर. सगळ्या वठारात बरोब्बर नववी पास, अक्षर मोत्यासारखं आणि सकाळी मोकळी, अशी एकच व्यक्ती निघाली.

"बघा," सोयराक्का नळावर म्हणाल्या, "नववीला शाळा सोडली म्हणून सासरी टोमणे ऐकले. आज बोर्डाला माझीच गरज!" ही बातमी दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या फुलवालीलाही तोंडपाठ झाली.

जानेवारीत शाळेची सराव परीक्षा झाली. कन्नडच्या पेपरात सहलीवर निबंध होता. हर्षिता नंदी टेकडीबद्दल सांगत गेली. वारा कानात शिरत होता. पायऱ्या गार आणि ओल्या होत्या. माकडानं पुळियोगरेचा, चिंचेच्या भाताचा, डबा पळवला आणि झाकण खाली वाजत गेलं. सोयराक्कांना हे अगदीच फोडणी न घातलेल्या वरणासारखं वाटलं. पोरीचे मार्क जातील, या मायेनं त्यांनी माकडाचं एका ओळीत उरकून स्वतःच्या पदरचं घातलं: ढगांतून सोनेरी ऊन डोकावलं, खाली हिरवी दरी शालूसारखी पसरली होती, आणि गुलाबी आभाळ पाहून माझं मन मोहरलं.

शाळेतले कन्नडचे मल्लाप्पा सर स्वतः आंधळे. पेपर ते कारकुनाकडून वाचून घेत. निबंध ऐकताना त्यांनी त्याला मध्येच थांबवलं आणि दोघींना बोलावणं पाठवलं.

"हर्षिता, सोनेरी ऊन कुणी पाहिलं?"

हर्षिताला काहीच कळेना. कारकुनानं पुन्हा वाचून दाखवलं, तसे तिचे कान लाल झाले.

"मी नाही सांगितलं हे, सर."

"ते मला पहिल्या ओळीला कळलं. हे वारं, हे झाकण तुझं. गुलाबी आभाळ या बाईंचं." सरांनी सोयराक्कांच्या दिशेनं मान वळवली. "अक्का, बोर्डाच्या परीक्षेत हे कुणी पकडलं तर तिचा पेपर रद्द. वर्ष जाईल. तिला शिक्षिका व्हायचंय, ठाऊक आहे ना?"

"सर, मी तर स्वल्प..."

"स्वल्पसुद्धा नाही."

दुसरा लेखनिक मिळायला वेळ उरला नव्हता. सोयराक्कांचं नाव आणि फोटो मंजुरीला केव्हाच गेले होते. बसमध्ये सोयराक्कांनी चार विषय काढले, चारही विझले. शेवटी राजाजीनगरला उतरताना हर्षिता म्हणाली, "अक्का, माझी सहल तुम्हाला कमी वाटली का? माकडानं डबा पळवला तेव्हा मी किती हसले होते. ते तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत."

त्या संध्याकाळी सोयराक्का नळावर आल्या नाहीत. वठारातल्या बायकांना वाटलं, ताप आला असेल.

दुसऱ्या दिवसापासून हर्षितानं त्यांची शिकवणी घेतली. रोज चार वाजता गच्चीच्या जिन्यात बसून ती मुद्दाम चुकीचं सांगायची.

"लिहा. कावेरी नदी काश्मीरात उगम पावते."

"अय्यो, पोरी!"

"लिहा अक्का. तिथून ती मुंबईला जाते."

सोयराक्का तोंडात लवंग धरून लिहायच्या. पहिल्या आठवड्यात लवंगा संपल्या, तोंड मात्र बंद राहू लागलं. तरी हर्षिताचं समाधान होईना.

"आता तर मी हूं की चूं केलं नाही!"

"पेननं केलं. मी चुकले की तुमचं पेन थांबतं आणि बांगड्या वाजतात. मला लगेच कळतं की उत्तर बदलायला हवं. मग ते उत्तर माझं कुठं राहिलं?"

चाळीस वर्षांच्या आयुष्यात आपल्या बांगड्याही चुगली करतात, हे सोयराक्कांना पहिल्यांदाच कळलं. सवाष्णीनं हात मोकळे कसे करायचे? म्हणून बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांवर रघुजींचा रुमाल घट्ट बांधायचा, असं ठरलं. रघुजींनी रुमाल दिला. "तोंडालाही हवाय का?" एवढं विचारून घेतलं.

मार्च उजाडला. दोघींना वेगळी खोली आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एक पर्यवेक्षक बाई. कन्नड, गणित, विज्ञान पार पडले. समाजशास्त्राच्या दिवशी प्रश्न आला: म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक कोणत्या साली झालं?

"एकोणीसशे छप्पन्न," हर्षिता म्हणाली.

सोयराक्कांना पक्कं ठाऊक होतं, साल त्र्याहत्तरचं, नोव्हेंबर महिना. त्याच आठवड्यात त्यांचं लग्न. नामकरणाच्या मिरवणुकीपायी वरात तासभर चौकात अडकली होती आणि रघुजी घोड्यावरच पेंगले होते. हे साल त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नुसतं पेन टेकवून ठेवलं असतं, तरी पोरीनं उत्तर बदललं असतं आणि पर्यवेक्षक बाईंना पत्ताही लागला नसता.

त्यांनी लवंग कडकन चावली आणि त्याच चालीत लिहिलं: १९५६. पुढचा प्रश्न वाचला.

बाहेर रिक्षा शोधताना हर्षितानं विचारलं, "नाव बदललं ते साल बरोबर होतं का हो?"

"त्र्याहत्तर. छप्पन्नला राज्य एक झालं."

"अरेरे!" आणि मग ती उभ्या जागी हसायला लागली. "आणि तुमचं पेन काहीच बोललं नाही! अक्का, मला खरंच कळलं नाही हो." रुमाल अजून बांधलेला तो हात चाचपून तिनं घट्ट धरला.

मे महिन्यात निकाल लागला. हर्षिता पहिल्या वर्गात आली, समाजशास्त्रात एकोणऐंशी. मल्लाप्पा सरांनी तिच्याबरोबर निरोप धाडला, की पुढच्या वर्षी दोन मुलं आहेत, अक्कांनी यावं. "सरी, येते," म्हणून सोयराक्कांनी त्याच दिवशी पावशेर लवंग आणली.

ती एकोणऐंशीची कथा मात्र वठाराला आजतागायत ऐकावी लागते. "ऐंशी झाले असते. तो एक मार्क माझ्या हातात होता, मी दिला नाही," असं त्या नळावर सांगतात. रघुजी सायकल काढता काढता म्हणतात, "बोर्डाच्या कागदावर हिनं आमच्या लग्नाचं साल छप्पन्न लिहिलंय. म्हणजे लग्नात ही एक वर्षाची होती. माझी फसवणूक झाली."