गारी मीच मागितली होती

आमच्या माणसांत 'शौकीन' हा शब्द कौतुकानं वापरत नाहीत. नवरा पिणारा असला तर तो शौकीन, आणि बायको पुस्तकं विकत आणणारी असली तर ती शौकीन. माझ्या सासूबाई दुसरा प्रकार जास्त वाईट समजत. "पिणारा निदान झोपते तरी," असं त्या म्हणायच्या.

पुस्तकं मी आणते, हे खरं आहे. पेटी वाजवते, म्हणजे पेटीवर बोटं ठेवते आणि पुढचं तिच्यावर सोडते. मोबाइलवर जे जे शिजताना दिसलं, ते ते आमच्या फुलचूरच्या स्वयंपाकघरात एकदा तरी करपवलं आहे. शिवाय अधूनमधून नागपूरला जाऊन असे कपडे आणते, की ते घालून जावं असं ठिकाण गोंदियात अजून बांधलेलं नाही. या वयात हे शोभत नाही, असं घरचे म्हणतात. तिशीतही शोभत नव्हतं, तेव्हा वयाला कशाला बोल लावा?

पोरीचं लग्न ठरलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. तिच्या सासरच्यांनी मला पाहून म्हणावं, आई अशी आहे म्हणून पोरगी अशी. बस्स. समधीन, म्हणजे पोरीची सासू, देवरीकडची. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, पण मोजलेला प्रत्येक शब्द आधी सहाणेवर घासून आणलेला. साखरपुड्यात तिनं माझ्या हातमागाच्या साडीचा पदर दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "पडद्याचा कपडा आजकाल चांगला येऊन राहिला, नाही?"

तेव्हाच मी ठरवलं, लग्नात गारी झालीच पाहिजे.

गारी म्हणजे शिव्यांचं गाणं. वराती जेवायला बसले की मुलीकडच्या बायका त्यांना गाण्यातून सोलून काढतात आणि त्यांनी हसत हसत जेवायचं. जो ताट सोडून उठला, तो हरला. आता डीजे आला, ड्रोन आला, गारी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. म्हणून मीच पेटी घेऊन बसले, लहानपणी ऐकलेल्या चाली आठवल्या आणि नवी कडवी जुळवली.

"मम्मी, राहू दे नं. आता कोण गाते?" पोरगी म्हणाली.

"मी गाते."

"तेच तं म्हणून राहिली मी."

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "गाऊ दे तिले. लग्न मोडाचं असन तं आताच मोडून जाईन, लॉनचे पैसे तरी वाचतीन."

लग्न दिवसाचं होतं, आमच्याच भागातल्या लॉनवर. वराती पंगतीला बसले तसा मी डीजेवाल्याला थांबवलं, माईक घेतला आणि समधिणीच्या ताटासमोर उभी राहून सूर लावला:

"समधीन आली गाडीतून, केसाले लावून रंग,
अर्धा लागला पदराले, अर्धा आला संग!"

आमच्याकडच्या बायका खिदळल्या. मोबाइल वर झाले. समधीन शांतपणे भात कालवत होती. तिनं घास गिळला, पाणी प्यायलं आणि हात पुढे केला. "द्या इकडे तो माईक. आमाले भी येते थोडं थोडं."

तिचा आवाज ऐकून मी पहिल्यांदा घाबरले. बाई सुरात होती.

"समधीन आमची शौकीन मोठी, पुस्तकं आणली पोतं,
पहिल्या पानावर डोळा लागला, दुसरं वाचते कोण तं?"

हशा झाला. मीही हसले, हसावंच लागतं. हे तर साऱ्या फुलचूरला ठाऊक आहे, म्हटलं, यात काय विशेष.

"कुकरमंदी केक लावला, फुगला नाही काही,
भेग पडली फरशीले, तं सिमिट लागली नाही!"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. केकचा तो तुकडा पाट्यावर ठेवून फोडावा लागला होता, हे घराबाहेर गेलं असेल तर त्यांच्याच तोंडून. जाऊबाई आमटीच्या बादलीत फार लक्षपूर्वक पाहत होत्या.

"पेटी घेऊन गाऊ लागली, सूर लागला असा,
शेजारची म्हैस धावत आली, रेडकू रडते कसा!"

आता माझ्या नवऱ्याचीच हसण्याची उबळ थांबेना. माझी पेटी आणि शेजारची म्हैस हा त्याचा जुना विनोद. म्हणजे फितूर हाच, असं मी मनात पक्कं करत होते, तोवर समधिणीनं पुढचं उचललं:

"नागपूरच्या दुकानात गेली, ड्रेस घातला तंग,
कैची आणा, कैची आणा, अडकलं सारं अंग!"

पंगत कोसळली. एका म्हाताऱ्या वरातीला ठसका लागला, वाढप्यांनी भांडी खाली ठेवली.

मी मात्र हिशेब लावत होते, आणि त्यात एकच उत्तर निघत होतं. त्या दुकानात, त्या आरसे लावलेल्या खोलीत, दोघीच होतो. दोन्ही हात वर, डोकं ड्रेसच्या आत, आणि बाहेरून पोरगी म्हणतेय, "मम्मी, श्वास सोड नं." शेवटी दुकानातल्या मुलीनं कात्री आणली. बाहेर आल्यावर मी पोरीला माझ्या गळ्याची शपथ घातली होती. तिच्या बापालाही यातलं काही माहीत नव्हतं.

मी स्टेजकडे पाहिलं. पोरगी मेंदीचा हात तोंडावर धरून हसत होती. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिनं कोपरानं नवऱ्या मुलाला ढोसलं: बघ, मी सांगितलं होतं नं.

"लय हसवते बाप्पा आमची सून," समधीन माईकवरच म्हणाली. "रोज संध्याकाळी फोन करते. आमी स्पीकरवर लावतो, सारं घर बसते ऐकाले."

म्हणजे मी देवरीत रोज संध्याकाळी, मालिकेच्या वेळेला लागत होते. आणि बहुधा मालिकेपेक्षा बरी चालत होते.

माईक परत माझ्या हातात आला. मागून आमच्या बायका ढोसू लागल्या, "म्हण वो बाई, म्हण! अशी कशी गप बसली?"

माझ्याकडे म्हणण्यासारखं एक होतं. ते कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं.

ही मंडळी मुलगी पाहायला आली तेव्हा त्यांच्यासाठी माठावरच्या लांब रोट्या केल्या होत्या. सैल कणीक आपटून आपटून तयार करायची, पुरण भरायचं, हातावर कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या माठावर अल्लाद टाकायची. माझ्या सगळ्या शौकांपैकी हा एकच मला खरोखर येतो, कारण तो शौक नव्हे, सासूबाईंनी मारून शिकवलेला आहे. त्या दिवशी मागच्या अंगणात रोट्या मी केल्या. मग पोरीच्या कोपरांना कणीक माखली, गालाला पीठ लावलं आणि तिला दुरडी देऊन बाहेर पाठवलं. समधिणीनं तिची कोपरं पाहिली आणि जागेवरच सांगून टाकलं, "पोरगी पसंत आहे. आजकाल कोणाले येते हे?"

ही गोष्ट मी, पोरगी आणि तिचा बाप, आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हती, आणि पोरीनं ती काही स्पीकरवर ऐकवली नसणार.

मी सूर लावला.

"माठावरच्या लांब रोट्या खाल्ल्या समधीनबाई..."

स्टेजवरचं हसू थांबलं. पोरीचा हात तोंडावरच होता, पण आता वेगळ्या कारणासाठी.

"खरं सांगू का त्या रोट्यांचं..."

आणि मी थांबले. यमक 'नाही'वर येणार, हे पंगतीतल्या पोरासोरांनाही कळलं होतं. पोरगी माझ्याकडे पाहत होती आणि नकळत मान हलवत होती, नको, नको. लहानपणी इंजेक्शनची सुई पाहून हलवायची तशी. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी सावकाश श्वास घेतला. भात वाढणाऱ्याला पुढे जाऊ दिलं. नथ सारखी केली. एवढं छान माईकवर मला कधीच वाटलं नव्हतं.

"...एक भी उरली नाही!"

लोक हसले. बेताचंच हसले, कारण कडवं पडेल होतं. आमच्या बायकांनी तर तोंडं वाकडी केली, एवढा वेळ थांबून हेच का? पोरगी खुर्चीत मागे टेकली. नवरा मुलगा तिला पाणी देत होता.

समधीन हसली नाही. तिनं आधी स्टेजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मधात थांबल्या कायले, समधीनबाई?"

"गळा धरला जरा. वय झालं नं."

"हं," ती म्हणाली आणि ताट पुसून स्वच्छ केलं. उठताना स्टेजकडे वळून, माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सूनबाई, उद्या सकाळीच माठ मांडतो. आमचे पावणे थांबून राहिले, तुझ्या हातच्या रोट्या खाऊनच जातीन म्हणते."

निरोपाच्या वेळी पोरगी गळ्यात पडली ती सोडेचना. हुंदके देत होती. भोवतीच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ड्रोनही खाली आला. कानात ती म्हणत होती, "मम्मी, कणीक किती सैल भिजवाची?"

"हातातून गळली पाहिजे इतकी."

"अन् मंग?"

"आपटाची. हात दुखेपर्यंत. मंग तेलात बुडवून ठेवाची."

"तू दुसरी ओळ इतकी उशिरा कायले म्हटली?"

"ठेका होता तो."

तिनं मला आणखी घट्ट धरलं. "म्हणणार होती तू."

"पुरण घट्ट ठेवजो," मी म्हटलं. "सैल झालं तं रोटी फाटते."

शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "पाय वो, मायलेकीचा जीव कसा आहे एकमेकीत." गाडी गेली. लॉनवाला खुर्च्या गोळा करू लागला.

नवऱ्यानं विचारलं, "एवढं काय बोलून राहिल्या होत्या?"

"रोटीचं विचारत होती. सारं सांगितलं. मिठाचं तेवढं राहून गेलं." मिठाच्या पाण्यात भिजवली नाही तर ती कणीक ताणत नाही, कितीही आपटा. दुसऱ्या हाताला जाईपर्यंत तिची लक्तरं होतात.

"मंग लाव नं फोन, आताच गेली गाडी."

"देवरीच्या रस्त्याले जंगल आहे," मी म्हटलं. "रेंज नाही राहत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हायवेला सगळीकडे रेंज असते, हे त्यालाही माहीत होतं. मी उरलेली जिलबी खायला आत गेले.