कल्याण ते नागपूर

कल्याणहून नागपूरला आगगाडीने एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस लागतो. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसं नागपूरला जायचं म्हणजे महिन्याची वाट म्हणत. थोरला भाऊ तिकडे शाळेत मास्तर झाला तेव्हा मी नकाशावर दोरा लावून अंतर पाहिलं होतं. दोरा वीतभरही भरला नव्हता.

भाऊ फार आजारी असल्याची तार आली त्या दिवशी शनिवार होता. मी तसाच तारघरात गेलो, "आजच्या गाडीने निघतो" असं उत्तर पाठवलं आणि घरी येऊन पिशवी भरायला घेतली. आईने मेतकुटाची पुरचुंडी बांधली. मऊ भातावर त्याला तेवढंच लागायचं.

वडील पंचांग घेऊन ओटीवर बसले होते.

"आज निघता येणार नाही. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो."

"अहो, पोर तिकडे अंथरुणात आहे," आई म्हणाली. "प्रस्थान ठेवा आणि जाऊ द्या."

शुभ वेळी गाठोडं शेजारी नेऊन ठेवलं की प्रवास सुरू झाला असं धरतात. मग माणूस पुढे केव्हाही निघाला तरी चालतं.

"ते काल ठेवायला हवं होतं. आज ठेवून काय उपयोग?"

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आगगाडी काय पंचांग बघून सुटते का हो? आज पूर्वेला गेलेले सगळे वाटेतच राहणार म्हणायचे!"

वडील चिडले नाहीत. त्यांनी पंचांग मिटून मांडीवर ठेवलं. "एक पूर्वेला पडलाय. दुसऱ्यालाही वाईट वेळी तिकडेच धाडू?"

इंग्रजी शाळेत शिकलेलं काहीच त्या प्रश्नापुढे उपयोगाचं नव्हतं. दुसरी तार करावी असं मनात आलं. पण आजाऱ्याला कळवायचं काय? दिशा वाईट म्हणून थांबलो? संध्याकाळी गाडीची शिट्टी घरापर्यंत ऐकू आली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

रविवारी वडील स्वतः मला स्टेशनावर पोचवायला आले.

सोमवारी दिवेलागणीला मी नागपूरला पोचलो. दाराशी चार माणसं बसली होती, ती मला पाहून उठली. भाऊ आदल्या रात्री गेला होता.

वहिनी आतल्या खोलीत दाराआड होती. तिथूनच तिने विचारलं, "भाऊजी, गाडी कुठे अडली होती का?"

मी पिशवी खाली ठेवली.

"तुमची तार मी उशाशी ठेवली होती. ते नेहमी जा-ये करायचे, म्हणून त्यांना सगळी स्टेशनं पाठ. सकाळपासून विचारत होते, आता कुठवर आला असेल? मी म्हणायची, भुसावळ गेलं. मग अकोला. मग बडनेरा. डोळे मिटले होते तरी ओठ हलत होते, म्हणून मी सांगितलं, वर्धा आलं, आता जवळच आहेत."

ती त्याला हे सांगत होती तेव्हा, म्हणजे रविवारी संध्याकाळी, मी कल्याणच्या फलाटावर वडिलांच्या पाया पडत होतो.

मेतकुटाची पुरचुंडी पिशवीत तशीच होती. वहिनीला मी म्हणालो, "हो. वाटेत गाडी अडली होती."