बडग्याच्या अंगातला शर्ट

आमच्या महाल वस्तीत कुसुमताईंना सगळे ‘शहिदाची आई’ म्हणतात. ताईंना ते आवडत नाही. “दुर्गेशची आई म्हणा न, काय बिघडते?” असं त्या तोंडावर सांगतात आणि मग लोक त्यांना शिष्ट ठरवतात.

आम्ही चार-पाच बायका दर गुरुवारी संध्याकाळी चौकात गप्प उभ्या राहतो. हातात ‘युद्ध नको’ एवढीच पाटी. कोणी हसतं, कोणी ‘तिकडेच जाऊन राहा’ म्हणून गाडीवरून ओरडतं. ताई पापडाचं काम टाकून न चुकता यायच्या. जिचा मुलगा सीमेवर गेला तिनं बदला मागावा, अशी लोकांची अपेक्षा. ताईंना मात्र आणखी कुणाचा मुलगा जायला नको होता. इतकं साधं कुणाला कळू नये, याचा मला अजून संताप येतो.

मारबतीच्या मिरवणुकीत उतरायची कल्पना त्यांचीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळीसोबत बडगे निघतात, गावाला नकोशा झालेल्या गोष्टींचे बांबू-गवताचे पुतळे; शेवटी ते जाळून टाकतात. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो, मग युद्धाचा का नको? गल्लीतल्या मंडळाचा विक्की लगेच तयार झाला. हा पोरगा दुर्गेशच्या मागेमागे फिरतच मोठा झालेला. ताईंनी पेटी उघडली आणि दुर्गेशच्या वर्दीचा शर्ट त्याच्या हातात ठेवला.

“अहो, हा कशाला?” मी म्हटलं.

“लढाईनं मले वापस काय देलं वं चारू? हाच शर्ट. घालू दे तिच्याच अंगात, अन् जाऊ दे एकदाची.”

मिरवणुकीच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शर्ट बडग्याच्या अंगात होता, पण गळ्यातल्या पाटीवर शेजारच्या देशाचं नाव होतं. माणसं त्याला चपलांनी झोडपत होती. ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळीत ‘ठोका, ठोका’ चाललं होतं.

ताई सरळ बडग्यापुढे रस्त्यात जाऊन बसल्या. आम्हीही बसलो. ढोल थांबले.

“काकू, उठा न. मागं सारे थांबून राहिले,” विक्की म्हणाला.

“पाटी काहून बदलवली गा?”

“युद्ध म्हटलं तं लोकायले मजा नाही येत, काकू.”

“मंग पाटी काढ. तवाच उठीन.”

कोणीतरी शिवी हासडली. ताई हलल्या नाहीत. तेवढ्यात एक चप्पल बसली आणि शर्टाची बाही खांद्यापासून उसवली. ताईंचा चेहरा पार उतरला.

“तो शर्ट दे रे बाबा. माह्या दुर्गेशचा आहे.”

विक्कीनं भराभर बटणं काढून शर्ट दिला. ताईंनी तो छातीशी धरला आणि उठल्या. त्या उठल्यावर आम्हीही उठलो. बडग्या पुढे गेला, पाटी तशीच.

त्यानंतर ताई चौकात आल्या नाहीत. शेवटी मीच घरी गेले. त्या दारात बसून बाही टाचत होत्या.

“कोणतीही आई उठली असती, ताई,” मी म्हटलं.

“विक्की भरतीले चालला,” त्या म्हणाल्या. “काल पाया पडाले आला होता. मले त्याले थांब म्हणता नाही आलं. कोणत्या तोंडानं म्हणू वं? साऱ्यायच्या पोरासाठी बसली होती मी. अन् माह्या एकट्याचा शर्ट भेटला, तशी उठली.”